तिसरं नको

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. कुणा पोराने लिहून दिलेलं नाही, मीच लिहिलंय, पण डाव्या हाताने. उजवा प्लॅस्टरमध्ये आहे. वरच्या फळीवरचा शिंपल्याच्या बटणांचा डबा काढायला स्टुलावर चढले. डबा आला हातात आणि स्टूल गेलं पायाखालून. समोर गिऱ्हाईक होतं, एक पोक्त बाई. मोठी धोरणी. तिने आधी सगळी बटणं वेचून डब्यात भरली आणि मग मला उचललं. मनगटाचं हाड मोडलंय, बाकी मी धडधाकट आहे.

शेजारचा घड्याळवाला सकाळी दुकानाचं शटर वर करून देतो आणि रात्री खाली ओढतो. त्याची बायको दोन्ही वेळचं जेवण पाठवते. मी डाव्या हाताने बटणं मोजते, डाव्या हाताने दोरा तोडते आणि दोन्ही हातांनी कुरकुर करते. तेव्हा काळजीचं काहीही कारण नाही.

दुसरी बातमी म्हणजे वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हिंगचे मास्तर गेले, लेकाकडे कायमचे. इतकी वर्षं ते चपला फरफटत चालायचे आणि मी खालून शिव्या घालायची. आता वर काहीच वाजत नाही, आणि मला झोप लागत नाही. माणसाचं काही खरं नाही बघ. नवीन बिऱ्हाड शोधायला हवं. लहान मूल असलेलं मिळालं तर बरं, जरा धावपळ तरी ऐकू येईल.

आता मुख्य मुद्दा. हे पत्र वाचून तू रजा टाकून धावत यायचं नाहीस. येऊ नको म्हणजे येऊ नको. आईचा नियम माझ्यावर चालवू नकोस. फोनही करू नकोस, फोनवर आपण दोघं 'बरं आहे, बरं आहे' करून ठेवून देतो आणि कळत काहीच नाही.

तुझ्या खिडकीवालीला आशीर्वाद, लेकीला, मुंगीला गोड पापा. जीव लावतोस तसाच लावत जा.

तुझी,
ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुमचं डाव्या हाताचं अक्षर तुमच्या भावाच्या उजव्या हातापेक्षा बरं आहे, असं मी त्याच्यासमोर म्हणाले. तो हसला नाही. तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

पत्र वाचून तो मागच्या खोलीत गेला आणि एक कवळी घासत बसला. तुम्हाला माहीत आहे, त्याचं मशीन घरघरत असेल तोवर विचार चालू, आणि थांबलं की विचार पक्का. ते जेवायच्या वेळी थांबलं. बाहेर येऊन म्हणाला, की ताईने 'येऊ नको' लिहिलंय, याचा अर्थ तिला आपण हवे आहोत. हे घर विकू या आणि तिच्या वरच्या मजल्यावर राहायला जाऊ या. दात काय, सगळ्या गावांतल्या म्हाताऱ्यांचे पडतात.

मला आधी थट्टा वाटली. मग मी विचारलं, की तुला मनापासून जायचंय का? तर म्हणाला, नाही गं, तसं काही नाही. आता तुमच्या घरातल्या 'नाही'चा अर्थ लावता लावता माझी सहा वर्षं गेली आहेत. तुमच्या आईंचा नियम तुम्हीच मला शिकवलात: पहिलं नको रीतीचं, दुसरं नको भिडेचं, तिसरं नको खरं. मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा चहाला एकदाच नको म्हणून गप्प बसले, आणि तीन कप प्यायले. आणि हा आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा एकदा नको म्हणाला, तर माझ्या वडिलांनी भांडंच उचलून आत नेलं. आमच्या घरी नको म्हणजे नको. बिचाऱ्याने परत जाताना बसस्टँडवर बिस्किटं खाल्ली, हे मला वर्षभराने कळलं.

तेव्हा त्याच्या त्या 'नाही गं'वरून मी समजले, की याचा जीव तुमच्यात अडकलाय आणि माझ्या भिडेने बोलत नाही. मग मीही पटकन म्हणून टाकलं, की चालेल, विकू या.

ताई, मला हे घर विकायचं नाही. हे फक्त तुम्हाला सांगते. दोनच खोल्या आणि मागची त्याची कवळ्यांची खोली, पण ते आमचं पहिलं घर आहे. न्हाणीघराचं दार फुगलंय, किंचित उचलल्याशिवाय लागतही नाही आणि उघडतही नाही. मुंगी चालायला शिकली त्याच्या आधी दार उचलायला शिकली. सकाळी मी डेपोत जाऊन माझी हरवलेल्या वस्तूंची खिडकी उघडते, दिवसभर लोकांच्या छत्र्या, डबे आणि एकेकटे बूट सांभाळते, आणि संध्याकाळी वाटतं, चला, आपलं काही हरवलेलं नाही, आपल्याला घर आहे. त्याच खिडकीवर कुणाची तरी बसमध्ये राहिलेली कवळी आली होती आणि तुमचा भाऊ ती बघून म्हणाला होता, की ही माझ्या हातची आहे. तिथून हे सगळं सुरू झालं. 

पण त्याला हे सांगू नका. तुमच्यासाठी जातोय म्हटल्यावर मी आडवी आले असं व्हायला नको. हात जपा. लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी मागते.

तुमची,
भावजय


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वेगळं आणि गुपचूप लिहितोय. घरी दाखवू नकोस, म्हणजे तिला कळवू नकोस.

घोटाळा झालाय. तुझं पत्र वाचून मला भरून आलं आणि मी जेवताना बोलून गेलो, की घर विकून ताईकडे जाऊ या. मला वाटलं ती नाही म्हणेल. तिने एकदा 'नाही' म्हटलं असतं की विषय संपला असता, मग आपण तुझ्यासाठी दुकानात कुणीतरी मदतीला ठेवलं असतं, मी महिन्यातून एकदा आलो असतो. पण तिने उलट मलाच विचारलं, की तुला जायचंय का? मी म्हटलं, नाही गं. तर ती लगेच म्हणाली, विकू या! तिच्या माहेरी शब्द एकदाच टाकतात आणि तो खरा असतो. म्हणजे तिला इथून सुटायचंच होतं आणि मला इतकी वर्षं पत्ता नव्हता. डेपोतली खिडकी तिला नको झाली असेल. येताजाता लोक तिच्यावरच ओरडतात, जणू त्यांच्या छत्र्या हिनेच पळवल्या.

मला जायचंय की नाही, ते खरं सांगायचं तर मलाच कळत नाही. मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. दाताचा रंग जुळवायला तोच उजेड लागतो. दिव्याखाली सगळे दात पांढरे दिसतात, आणि माणसाच्या तोंडात गेल्यावर फसवणूक उघडी पडते. ही खोली बघूनच मी हे घर घेतलं होतं. पण घड्याळवाला असला तरी डोळ्यांसमोर तू एकटी शटर ओढताना दिसतेस. मग उत्तरेची खिडकी गेली खड्ड्यात असं वाटतं. आणि सकाळी खिडकी उघडली की पुन्हा वाटतं, की नको.

आता तिने दोन माणसांना घर बघायला बोलावलंही आहे. मी काय करू? डोकं चालेनासं झालंय. तुझ्या मायेचा धनी,

धाकटा


दि. २० फेब्रुवारी

चि. खिडकीवालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कुणाला सांगणार नाही. आणखीही एक गोष्ट मला समजली आहे, तीही मी कुणाला सांगणार नाही, आणि ती काय ते तू विचारू नकोस. मी बटणं विकणारी बाई, माझी पोस्टाची पेटी कधी झाली देव जाणे. पेटीला बरं असतं, तिला वाचता येत नाही.

काय लिहावं सुचत नाही. चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा दुकानात गिऱ्हाईक आलं. आलं नसतं तरी सुचलं नसतंच. इतकंच म्हणते, की घाई करू नका. घर म्हणजे काही सदऱ्याचं बटण नाही, तुटलं की दुसरं लावायला.

मुंगीला रंग कुठला आवडतो? काही नाही, सहज विचारते.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. ५ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी जास्तच गोंधळले. त्यात नेमकं काय आहे ते शोधायला मी ते डेपोतल्या भिंगाखालीसुद्धा धरलं. मुंगीला पिवळा आवडतो. लिंबाचा नव्हे, कोंबडीच्या पिलाचा.

इकडे गिऱ्हाइकं येऊ लागली आहेत, आणि तुमचा भाऊ घर विकतोय की लोकांना पळवून लावतोय तेच मला समजत नाही. पहिला आला एक विमा एजंट, टापटीप माणूस. मी सकाळपासून झाडून-पुसून ठेवलेलं. तुमच्या भावाने त्याला दारातच थांबवून सांगितलं, की वारा सुटला की स्वयंपाकघराची खिडकी शीळ घालते, पलीकडच्या घरात एक मुलगा ट्रंपेट शिकतो आणि त्याला ते येण्याची चिन्हं नाहीत, आणि न्हाणीघराचं दार उचलावं लागतं. मग दार उचलून दाखवलं, एकदा नव्हे, चारदा. एजंट भिंतीला हात न लावता निघून गेला. मी विचारलं, की असं कुणी सांगतं का? तर म्हणाला, दात करणाऱ्याने खोटं बोलून चालत नाही.

आणि मीही काही कमी नाही. दुसऱ्या बाईंनी विचारलं, की घर का विकताय? मी म्हणणार होते, की नात्यातल्या माणसाजवळ जातोय. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांना वाटलं, या घरात काहीतरी अशुभ घडलंय. त्या जिन्यावरून मागे न बघता उतरल्या.

तिसरी आली एक नर्स, बरोबर तिचा अबोल नवरा आणि कडेवर बाळ. तुमच्या भावाने शीळ, ट्रंपेट, दार सगळं सांगितलं. ती सगळं शांतपणे ऐकत राहिली, स्वतः दार उचलून बघितलं आणि म्हणाली, की आजवर नऊ घरं बघितली, खरं बोलणारा विकणारा पहिल्यांदाच भेटला, तेव्हा हेच घर घेते. ताई, त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. सगळी बटणं सांडल्यावर तुमचा झाला असेल तसा. नर्सने आम्हाला महिनाअखेरपर्यंत विचार करायला वेळ दिला आहे.

नर्स गेल्यावर मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं, की खरंच जायचंय ना तुला? तो म्हणाला, माझं काही नाही गं, तुझं सांग. मी म्हणाले, माझंही काही नाही. मग आम्ही दोघं मुंगीच्या अंगावर पांघरूण घालत बसलो, ती जागीच होती आणि तिला उकडत होतं. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस मला होत नाही. तिसरं उत्तर खरं असतं, आणि ते काय यावं असं मला वाटतं, तेच मला ठाऊक नाही.

तुम्ही मोठ्या आहात. काहीतरी स्पष्ट लिहा, रागावून लिहिलंत तरी चालेल. लोभ कमी होणार नाही या भरवशावर,

तुमची,
भावजय


दि. १४ मार्च

चि. धाकटा आणि चि. खिडकीवाली,
दोघांना मिळून अनेक आशीर्वाद. हे पत्र दोघांनी एका ठिकाणी बसून, एका वेळी वाचायचं. तो वाचत असेल तर तू खांद्यावरून बघ, आणि तू वाचत असशील तर त्याला मशीन बंद करायला सांग.

प्लॅस्टर निघालं. हात बारीक झालाय, पण माझाच आहे. अक्षरावरून कळेलच.

आता ऐका. फेब्रुवारीत तुम्हा दोघांची पत्रं मला पाठोपाठ आली. दोघांनी लिहिलं होतं, की दुसऱ्याला सांगू नका. महिना होत आला, मी दोन्ही बाजूंची पत्रं दाबून बसले आहे आणि आता पोटात राहत नाही. धाकट्या, तिला घर सोडायचं नाही. तुझा जीव माझ्यात आहे असं समजून ती 'विकू या' म्हणाली. आणि पोरी, त्याला उत्तरेची खिडकी सोडवत नाही. तुला डेपोचा वीट आलाय असं समजून तो गप्प बसला. एक जण दुसऱ्यासाठी निघालाय, दुसरा पहिल्यासाठी, आणि जायचं कुणालाच नाही! आईने तिच्या नियमाने आपल्या घरात काय करून ठेवलंय बघा. निदान तू तरी, पोरी, सरळ बोलणाऱ्या घरातून आलीस, तर आमच्यात राहून नासलीस.

तेव्हा नर्सला नाही म्हणून सांगा. माझ्यासाठी येऊ नका. मी उत्तम आहे, घड्याळवाला आहे, त्याची बायको आहे, स्टूल बदललंय. हे माझं दुसरं 'येऊ नका' आहे, आणि हे भिडेचं नाही, याची नोंद घ्यावी.

एकमेकांशी बोला. माझ्यावरची माया पत्रातून पोचतेच आहे, तशीच पोचू द्या.

तुमची,
ताई


दि. २१ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्ही सांगितलंत तसंच वाचलं, एका ठिकाणी बसून, मशीन बंद करून. वाचून झाल्यावर पाच मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही आणि मग इतकं हसलो की ट्रंपेटवाला मुलगा वाजवायचा थांबला. माझ्या हसण्यात रडू किती होतं ते मला सांगता येणार नाही. मग मी म्हणाले, मला हे घर आवडतं. तो म्हणाला, मलाही. इतकं सोपं होतं. आम्ही त्याच संध्याकाळी नर्सकडे जाऊन नाही म्हणून आलो. ती म्हणाली, की ठीक आहे, पण महिनाअखेरपर्यंतचा शब्द तिने दिलाय, तो तिच्याकडून कायम आहे.

इथे हे पत्र संपायला हवं होतं. पण ताई, तुम्ही विसरलात की माझं काम काय आहे. छत्री आली की तिच्या दांड्याकडे, कापडाकडे बघून ती कुणाची असेल ते ओळखायचं, हीच माझी रोजची भाकरी. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, रंगाचा थेंब पडलाय. वाळलेला. पिवळा. लिंबाचा नव्हे, कोंबडीच्या पिलाचा.

तुमच्या दुकानात पिवळा रंग कशाला येईल? खोल्या तर भाड्याने द्यायच्या होत्या, त्यांना पांढरा चुना पुरतो. तुमच्या भावाला दाखवला तेव्हा तो थेंबावर बोट ठेवून बराच वेळ बसला. मग मशीन सुरू केलं, तेही कवळी न लावताच. नुसतंच घरघरत होतं.

आता माझं डोकं पुन्हा फिरलंय. आम्हाला हे घर हवं आहे हे तर खरंच आहे. पण आधी जो तो दुसऱ्यासाठी निघाला होता, म्हणून जाणं जड वाटत होतं. खरोखर कुणी बोलवत असेल, तर तेच जाणं वेगळं वाटतं. बरं, तुम्ही बोलवत नाही आहात. दोनदा येऊ नका म्हणालात. मी मोजलंय. तुमच्या घरातलं मोजायला मी आता शिकले आहे.

तेव्हा माझी एक मागणी. तिसऱ्यांदा लिहा. उजव्या हाताने, स्वच्छ अक्षरात, येऊ नका एवढंच लिहा. ते आलं की मी मान खाली घालून मानीन आणि या विषयावर पुन्हा चकार शब्द काढणार नाही. महिनाअखेरच्या आत टाका. तुमच्या उत्तराची वाट बघत, आणि लोभाची तर नेहमीच,

तुमची,
भावजय


दि. २५ मार्च

चि. खिडकीवालीस,
अनेक आशीर्वाद.

तिसरं लिहायला बसले. हात आता बरा आहे, त्याच्यावर ढकलता येत नाही. कागद घेतला, पेन घेतलं, दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. लिहवत नाही.

वरच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. मास्तरांचं कपाट तिच्या आड होतं, ते मी आणि घड्याळवाल्याने हलवलंय.

या.

तुमची,
ताई


दि. १८ मे

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. दुपारच्या गाडीचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे, तो तुमच्या दुकानात आणून देईल. आम्ही रात्रीच्या गाडीने निघतो. सामानाचा ट्रक सकाळीच गेला. आता मी डेपोत माझ्याच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला बसून लिहितेय. आत नवीन मुलगी बसली आहे. तिने मला विचारलं, की तुमचं काय हरवलंय? 

तुमचं 'या' आलं त्या दिवसापासून मी आनंदात आहे की दुःखात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नर्सकडे पुन्हा जाऊन हो म्हणालो, तेव्हा तिने विचारलं, की तुमच्या घरात कुणी काही ठरवतं का? तुमचा भाऊ म्हणाला, आमची ताई ठरवते, पण तिला वेळ लागतो. भांडी बांधताना मी रडत होते आणि मुंगी पिवळ्या खोलीचं गाणं रचून म्हणत होती. मध्येच वाटायचं, केवढी मोठी चूक करतोय. मध्येच तुम्ही शटर ओढताना दिसायचात आणि वाटायचं, कसली चूक. अजूनही दोन्ही वाटतं. कदाचित तिकडे आल्यावरही वाटत राहील, ते तुम्ही मनावर घेऊ नका.

आज सकाळचं मात्र सांगायलाच हवं. नर्सला किल्ल्या दिल्या, आम्ही खाली उतरायला लागलो. ती दारात उभी होती. म्हणाली, की एकदा शेवटचं आत येऊन घर बघून जायचंय का? तुमचा भाऊ म्हणाला, नको, नको.

तिने बरं म्हटलं आणि दार लावून घेतलं.

ताई, तो तिथेच उभा राहिला. पायरीवर एक पाय, कठड्यावर हात. तिला बिचारीला काय माहीत, की अजून दोनदा विचारायचं असतं. मला माझ्या वडिलांनी आत नेलेलं ते भांडं आठवलं. मी त्याला विचारलं, जायचंय का आत? तो म्हणाला, नको गं, उशीर होतोय. मग मी तिसऱ्यांदा विचारलं. इतक्या वर्षांत तिसऱ्यांदा मी कधीच विचारलं नव्हतं. त्याने ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली, होकाराची.

मी बेल वाजवली. नर्सने दार उघडलं आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून, काही न विचारता बाजूला झाली. रिकाम्या घरात पावलं मोठ्याने वाजत होती. तो मागच्या खोलीत गेला नाही, खिडकीकडेही गेला नाही. सरळ न्हाणीघराशी गेला, दार किंचित उचलून लावलं, किंचित उचलून उघडलं. मुंगी म्हणाली, मी पण. तिनेही उचललं. मग मी. नर्स बघत होती. ती सहज म्हणाली, की पुढच्या आठवड्यात ती सुतार बोलावून ते दार खालून तासून घेणार आहे, अर्ध्या तासाचं काम आहे.

 सहा वर्षं आम्ही ते दार उचलत होतो, ताई. सुतार बोलवावा हे आमच्या एकाच्याही मनात कधी आलं नाही.

आता दुपारच्या गाडीची वेळ होत आली. तुमच्या घरी आम्ही नीट वागू, मुंगी मात्र धावेल, ते तुम्हीच मागितलं होतं. पोचलो की मी तुम्हाला विचारणार आहे, की आम्ही आलो हे बरं झालं का? एकदाच विचारीन. आमच्या माहेरच्या रीतीने उत्तर द्या.

पत्रांतून मागत आले तो लोभ आता समोरासमोर मागायला येतेय.

तुमची,
भावजय

ता. क. तुमचा भाऊ खांद्यावरून बघून सांगतोय, की आम्ही पहाटे पोचू, आमच्यासाठी काही खायला करून ठेवू नकोस म्हणावं. हे त्याचं पहिलं नको आहे.